बाईंच्या हजेरीत माझं नाव

३ मार्च
पेपरात लेख. ज्यांचं शिक्षण जास्त, नोकरी डोक्याची, त्यांची बुद्धी म्हातारपणी जास्त टिकते. कापून कपाटाला चिकटवला. ही गणिताची शिक्षिका, डबल ग्रॅज्युएट. मी टायपिस्ट. जन्मभर साहेबांची वाक्यं न वाचता बडवली. विसरायचं तर मी विसरायला हवं. डॉक्टरांकडे रिपोर्टची अदलाबदल झालेली दिसते.

६ मार्च
हिचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. उकाडाच तसा आहे.

९ मार्च
मुलीला फोनवर लेख वाचून दाखवला. म्हणाली, बाबा, हुशार माणसाचं विसरणं उशिरा कळतं इतकंच. आईने आपल्याला खूप दिवस कळू दिलं नाही. मी म्हटलं, तुझ्या आईने माझ्यापासून कधी काही लपवलेलं नाही.
फोन ठेवल्यावर आठवलं. दोनेक वर्षांपासून पाहुण्यांसमोर ही म्हणायची, 'तुम्हीच सांगा ना.' मला वाटायचं, उशिरा का होईना, घरात मान मिळाला.
उद्यापासून हिच्याकडून पाढे. रोज. नो एक्स्क्यूज.

१० मार्च
सतराचा पाढा अर्ध्यात अडकला. सतराचा कुणालाही जडच जातो.

११ मार्च
दोनचा. पंख्याचा आवाज फार होता.

१५ मार्च
आज मला 'अरे' म्हणाली. लग्नापासून 'अहो' होतं. म्हटलं, लाडात आली.

१८ मार्च, संध्याकाळ
मोठी प्रगती! खिडकीपाशी उभी राहून हिने जुन्या वर्गाची हजेरी घेतली. सगळी पोरं, आडनावांसकट, एकदाही न अडखळता. मुलीला फोनवर ऐकवलं. ती रडली. आनंदानेच.
प्लॅन: आपणही वर्गात बसायचं. एकदा हजेरीत माझं नाव आलं की बाकीचं आपोआप येईल.

१९ मार्च
दाढी केली, भांग पाडला, स्टुलावर बसलो. हजेरी झाली. माझं नाव आलं नाही. मी हात वर केला.
ही जवळ आली. डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, बाळ, हा तुझा वर्ग नाही. घरी जा. तुझी माणसं वाट बघत असतील.
'हो बाई' म्हटलं. चपला घातल्या. दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभा राहिलो.
मग बेल वाजवली.