मागचं दार बाहेरूनच लागतं

बुर्गाली खाणवस्ती,
बॉयलरखोलीतून

आदरणीय एलेयकाका यांना,

पुतण्या केस्किलचा दोन्ही हातमोजे काढून केलेला नमस्कार. (हातमोजे काढले म्हणजे केवढा मान दिला, ते या थंडीत तुम्हालाच कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? ओग्दोकाकूंची दाढ एकदाची पडली की अजून सगळ्या घराला जागवते? तांबडी गाय व्यायली का? माझी तब्येत उत्तम आहे. नाकाचा शेंडा मध्ये गोठून काळा पडला होता, त्याची साल निघून नवा आला. पहिल्यापेक्षा बरा दिसतो असं लोक म्हणतात. पगारही वेळेवर होतो, फक्त यंदा तो डबाबंद वाटाण्याच्या रूपात होतो. सकाळी वाटाणे, दुपारी वाटाणे, आणि संध्याकाळी बदल म्हणून डबा न तापवता वाटाणे. तर काळजी नसावी.

खरं म्हणजे हे पत्र तुम्हाला मिळायलाच नको होतं. या घटकेला मी गाडीत असायला हवा होतो, आणि चार दिवसांनी तुमच्या शेगडीपाशी बसून हे सगळं तोंडानेच सांगायला हवं होतं. का ते तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात बाबांचा निरोप आला होता: हारचानला दोन वर्षं शिंगरू नाही, फुकट चरते, नदी गोठून घट्ट धरली की तिला कापायची. बाबांचं म्हणणं मला कळत नाही असं नाही. घोडी काय कुणी शोभेला ठेवतं? पण काका, मी सातवीतून शाळा सोडली आणि तिनं आईचं दूध सोडलं ते एकाच हिवाळ्यात. दोघंही पुढे काही शिकलो नाही. खाणीवर निघताना मी तिला मागितली, तेव्हा बाबा सगळ्या गावासमोर म्हणाले, "राहणाऱ्याला घोडे, जाणाऱ्याला रस्ता." (रस्ताही आपल्याला मिळत नाही, हे मला आज कळलं.) मी घरी येऊन काय करणार होतो ते विचारू नका. तिच्यासमोर उभा राहणार होतो. बाबा मला ढकलून सुरी चालवतील का नाही, ते तरी बघितलं असतं.

तर येण्याचं सांगतो. विमान बंद झाल्याला वर्ष होत आलं. (ते उडायचं तेव्हाही आम्ही त्यात बसायला भ्यायचो; आता नाही तर सगळे त्याचं नाव काढून रडतात.) म्हणजे राहिली सडक, ते घाट आणि ती नदी. आणि राहिली तेरेन्तीआजोबांची गाडी, ती पावाच्या लादीसारखी चौकोनी, करड्या रंगाची. तेरेन्तीआजोबा आपल्याच तात्ता भागातले. या सडकेवर त्यांची निम्मी हयात गेली आणि दोन बोटं गेली. त्यांच्या अटी तुम्हाला नव्या नाहीत. जायचंय असं म्हणायचं नाही. कुठे, तेही नाही. घाटाचं नाव घ्यायचं नाही, नदीला फक्त 'आजी' म्हणायचं, आणि माणसं किती ते तर मोजायचंच नाही. डोंगराचा धनी ऐकत असतो म्हणे. आता हे आपल्या घरीही आहे. तुम्हीसुद्धा शिकारीला निघताना "जरा बाहेर बघून येतो" एवढंच म्हणता. पण काका, शिकारीला माणूस एकटा जातो. इथे गाडी भरायची होती!

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते टोपी शिवत होते. मी म्हटलं, "आजोबा, समजा एखाद्याला एखाद्या दिवशी पाय मोकळे करावेसे वाटले तर?"

"पाय ज्याचे त्याचे," म्हणाले.

"त्याने गोधडी सोबत घ्यावी का?"

"गोधडी कुणाला जड झालीय?"

झालं. माझी जागा पक्की झाली म्हणून मी उड्या मारत परत आलो. माझ्या हे डोक्यातच आलं नाही, की वस्तीतला जो तो त्यांच्याकडे जाऊन असाच काहीतरी पायांबद्दल बोलत असणार. भटारखान्यातल्या झिनाइदाबाई तर त्यांच्याकडे गेल्याही नाहीत. त्यांनी मलाच विचारलं, "अरे केस्किल, शिवणाचं मशीन थंडीत उघड्यावर राहिलं तर बिघडेल का रे?" मी म्हटलं, नीट गुंडाळलंत तर नाही बिघडणार. ही त्यांची जागा धरणं होतं! आणि मशीनची वेगळी! जिथे कुणी 'मी येतोय' असं म्हणू शकत नाही, तिथे त्याला 'जागा नाही' असंही कुणी म्हणू शकत नाही.

एकच माणूस सरळ बोलला, आमचे हिशेबनीस आर्काडी ल्वोविच. हे दक्षिणेकडचे, त्यांच्या गावी म्हणे द्राक्षं पिकतात. त्यांनी रंगीत पेन्सिलींनी सडकेचा नकाशा काढला. कुठे थांबायचं, कुठे पेट्रोल, कुठे चहा, घाट तांबडे, नदी निळी. फार सुंदर काढला होता. तेरेन्तीआजोबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, निरखून बघितला आणि शेगडीत घातला. "छान जळतं," म्हणाले. आर्काडी ल्वोविच उठून म्हणाले, "अहो, निदान जागा किती ते तरी सांगा!" त्यावर आजोबा डावीकडे तीनदा थुंकले आणि घरात जाऊन निजले. मग आठवडाभर नियोजन बंद. म्हणजे सगळे रोज भेटायचे आणि हवापाण्यावर बोलायचे.

तुम्हाला कळवलं नाही तेही याचमुळे. रेडिओवरच्या पोरीने आपणहून विचारलं होतं, "घरी निरोप देऊ का रे, येतोय म्हणून?" तेरेन्तीआजोबा तिथेच उभे होते. मी म्हटलं, "कोण येतंय?" आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. (आयुष्यात मला मिळालेली पहिली शाबासकी.)

पुढचं ऐका. परवा गाडी चालू केली. या दिवसांत इंजिन एकदा चालू झालं की वसंतापर्यंत बंद करायचं नाही, हे आपल्याकडे रांगतं पोर जाणतं. पण द्राक्षांच्या गावी जाणत नाहीत. दुपारच्या जेवणाला सगळे आत गेले, आणि आर्काडी ल्वोविचना फुकट जळणारं पेट्रोल बघवेना. त्यांनी हलक्या हाताने किल्ली फिरवली आणि आम्हाला खूश करायला आत येऊन सांगितलं. वाटाण्याचे चमचे जिथल्या तिथे थांबले. तोवर इंजिनाचा दगड झाला होता. मग खाली शेकोट्या, वरून वेल्डरच्या आगीचा झोत, आणि ऊब धरून ठेवायला माझी हरणाच्या कातड्याची गोधडी. तिला आता एवढं भोक पडलंय की त्यातून मांजर ये-जा करतं. (मांजर झिनाइदाबाईंचं. त्याचीही जागा धरली होती.) इंजिन एकदाचं खोकलं तेव्हा तेरेन्तीआजोबा कपाळ पुसत म्हणाले, "किल्लीचं निमित्त झालं. कुणीतरी बोललंय."

माझा जिवलग मित्र सावा, जो माझ्या शेजारच्या खाटेवर निजतो आणि माझेच मोजे घालतो, तो लगेच म्हणाला, "हा केस्किल झोपेत बोलतो, आजोबा."

"काय बोलतो?"

"घोडीचं नाव घेतो. आणि 'आलोच' म्हणतो."

सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू इंजिन मीच चघळून खाल्लं. आर्काडी ल्वोविचसुद्धा मान हलवत होते!

आज सकाळी निघायचं. (म्हणजे कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण सगळे बोचकी घेऊन सहज फिरायला आले होते.) आता माझं जाणं हुकलंच आहे, मोजल्याने माझं काय बिघडायचं, म्हणून तुम्हाला मोजून सांगतो. बारा माणसं, एक मशीन, सावाचं अकॉर्डियन आणि मांजर. तेरेन्तीआजोबा समोर बघत राहिले, पाठीमागे काय भरतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मी वयाने लहान म्हणून सगळ्यांना वर चढवलं, बोचकी ढकलली, झिनाइदाबाईंना तर खांदा लावून आत लोटलं. शेवटी माझ्यापुरती फट उरली होती. पण त्या गाडीचं मागचं दार आतून लागत नाही, काका. कडी बाहेर आहे. बाहेरून खांद्याने रेटायचं आणि कडी घालायची. आतून सगळे ओरडले, "अरे, दार लाव, थंडी येतेय!" आणि मी लावलं. हातांना सवय असते हो. कडी पडली आणि मी बाहेर. काचेवर थापट्या मारल्या तर सावा आतून हात हलवून मला निरोप द्यायला लागला.

गाडी अजून गेलेली नाही, समोरच उभी आहे. घाटातून एकट्याने जायचं नसतं, म्हणून लाकडाच्या ट्रकची वाट बघतायत. इंजिन चालू आहे, काचा आतून गोठल्यायत, आणि आत बसलेला एकही माणूस खाली उतरायला तयार नाही, कारण उतरला तर जागा जाईल. मधूनमधून आतून ठोकतात, मग मी कडी काढून त्यांना गरम पाणी देतो. म्हणजे मला न घेऊन जाणाऱ्या गाडीचा नोकर मीच. बॉयलरपाशी ऊब आहे, तेव्हा तुम्हाला लिहितोय. पत्र सावा आणील. त्याला चहा द्या, पण बसायला सांगू नका.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना पापे. बाबांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
केस्किल

ता.क. मुद्द्याचं राहिलं. तुमच्या भिंतीवर माझी बंदूक टांगलेली आहे. ती बाबांना द्या आणि हारचान तुमच्या नावावर करून घ्या. तुम्ही थोरले, तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत. चारा कापायला उन्हाळ्यात मी येईन, तुमचं सगळं कुरण कापीन. पत्र वाचून होताच जा, काका. गुडघा दुखत असला तरी जा.

ता.क. दुसरा. बंदूक राहू द्या! आर्काडी ल्वोविचना आवरेना. दार ठोठावलं, मी कडी काढली, ते विजार धरून बर्फातून पळाले. सावा ओरडतोय, "चढ, गाढवा, चढ!" तेरेन्तीआजोबा पुढेच बघतायत, म्हणजे त्यांची ना नाही. दार आता आर्काडी ल्वोविच लावतील. वाईट वाटतंय, पण वाटाणे भरपूर आहेत. हे पत्र मीच घेऊन येतोय, तेव्हा वरचं सगळं माझ्यासमोर मोठ्याने वाचू नका.

ता.क. तिसरा. मी आलेलो नाही. गाडीत चढतच होतो, तेवढ्यात समोरून, म्हणजे तुमच्या बाजूने, पिठाचा ट्रक आला. ड्रायव्हरने खाली उतरून माझं नाव विचारलं आणि एक पोतं हातात दिलं. म्हणाला, "तुझ्या बाबांनी दिलंय. बरगड्यांचा वाटा, चार बोटं चरबी आहे बघ. गाभ नसलेली घोडी होती ना. बाबा म्हणाले, तिच्यावर पोराचा जीव होता, तेव्हा चांगला वाटा त्यालाच गेला पाहिजे." मग विडी पेटवत म्हणाला, "तुझे काका म्हणत होते, हा येणार असता तर याचा बाप थांबला असता. नदी धरल्यावरसुद्धा रोज सडकेपर्यंत जाऊन विचारायचा, खाणीवरून काही निरोप आहे का. नाही म्हटल्यावर आटोपून टाकलं."

आर्काडी ल्वोविचना हात धरून वर चढवलं. ते सारखे विचारत होते, काय झालं, मी काही चुकलो का. मी म्हटलं, नाही, तुमची जागा आहे, बसा. दार लावलं. लाकडाचा ट्रक आलाय, पत्र सावाला खिडकीच्या फटीतून देतो.

काका, बाबांना सांगा, वाटा पोचला. त्यांनी चव विचारली तर चांगली होती म्हणून सांगा. पोत्याची गाठ मी अजून सोडलेली नाही.