दोनशे चौदा दाखले

चंद्रपूर,
सोमवार, २४ मार्च २०२५

प्रिय सोमारी,

जय सेवा.

कशी आहेस? मिरची तोडताना हाताची आग होते, डोळे चुरचुरतात म्हणतात. तोंडाला रुमाल बांधत जा, झोपताना खोबरेल लाव. इथे ऊन आत्ताच चढलंय. आरमोरीला आई बरी आहे, बाबांचे गुडघे तसेच. उन्हाळी धान लावलंय, पाणी पुरेल असं म्हणतात.

आठ वर्षांनी लिहिते आहे. तुझा नंबर वारलूभाऊंकडून घेतला आणि परवा फोन लावलाही होता. तू "हॅलो, कोन?" म्हणालीस. मागे बायका कशावर तरी हसत होत्या. मी फोन ठेवून दिला. ती मीच होते. बोलायचं म्हटलं असतं तर मी तब्येतीचं, पावसापाण्याचं बोलून मोकळी झाले असते, म्हणून हे पत्र. रामाजींचा टेम्पो शनिवारी तिकडे मजूर आणायला जाणार आहे, त्यांच्याच हाती देते.

नंबर वारलूभाऊंकडून घेतला म्हणजे मी कोहकाटोल्याला तुमच्या घरी जाऊन आले, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. ते पुढे सांगते.

आधी माझी बातमी. मला प्रोफेसर केलं. फेब्रुवारीत मुलाखत झाली. आमच्यात प्रोफेसर व्हायचं तर किती लेख छापले आणि दुसऱ्या लोकांनी आपल्या लेखांत त्यांचा किती वेळा दाखला दिला, हे बघतात. माझे लेख एकेचाळीस. त्यातल्या एकाच लेखाचा दाखला दोनशे चौदा जणांनी दिलाय. ब्राझीलच्या कुणी दिला, नेपाळच्या कुणी दिला. समितीचे अध्यक्ष कागद हातात घेऊन म्हणाले, "या जंगलपट्टीतून एवढा आकडा पहिल्यांदा बघतोय." तो लेख कोणता, हे तुला सांगायला नको. तुझ्या वर्गावरचा.

समितीत एक वयस्क बाई होत्या. सगळं आटोपल्यावर त्यांनी विचारलं, "दुसऱ्या वर्षीही मुलं अस्खलित वाचत होती, असं तुम्ही लिहिलंय. वाचलेलं त्यांना समजत होतं का?"

मी म्हटलं, "हो मॅडम."

मग चहा आला. चार दिवसांनी ऑर्डर आली. कॉलेजात पेढे वाटले. मीही एक खाल्ला. गोड होता, एवढंच कळलं.

सोमारी, तुला तो दुसऱ्या वर्षीचा दिवस आठवत असेलच. एकोणीस पोरं, एक खोली. पहिल्या वर्षी तू त्यांना गोंडीतून शिकवलंस, हळूहळू मराठीवर आणलंस. पोरं धडाधडा वाचायला लागली तेव्हा मी वहीत मिनिटाला किती शब्द ते लिहीत होते आणि मनातून हवेत होते. वर्षाने मी परत आले, पुन्हा घड्याळ लावून वाचून घेतलं. आकडे आणखी वाढलेले. तेव्हा तू म्हणालीस, "बाई, थांबा. मले बी काई विचारू द्या." तू तुझ्या हाताने दहा प्रश्न लिहून आणले होतेस. पहिलाच होता, 'मुखरूच्या बैलाने पाणी पिले. पाणी कोणी पिले?' तुझ्या करिश्माने ते वाक्य न अडखळता वाचलं आणि उत्तर दिलं, "मुखरूनं." बाकीची तर गप्पच. एकेका पोराचा एकेक कागद करून तू गुण मांडलेस, दहापैकी दोनच्या वर फार कुणी गेलं नाही.

तू मला बाहेर मोहाच्या झाडाखाली घेऊन गेलीस. "पोरं वाचून राह्यले बाई, पन समजून नाई राह्यले. अजून दोन सालं माह्यासंग राहू द्या. एका सालात नाई होत."

मी म्हटलं, "लिहिते."

मी ते लिहिलं नाही. माझे मार्गदर्शक म्हणाले की प्रश्न एका दहावी पास बाईने केलेत, ते प्रमाणित नाहीत, त्यांनी निष्कर्ष बिघडतो. त्यांनी सांगितलं म्हणून गाळले असं आजवर स्वतःला सांगत आले. पण ते कागद बाजूला काढून ठेवणारे हात माझेच होते, आणि निष्कर्ष बिघडू नये असं मलाही वाटत होतं. पहिल्या मसुद्यावर माझ्या नावाखाली तुझं नाव होतं. छापताना ते शेवटच्या ओळीत गेलं, आणि नाव म्हणूनही नाही. 'स्थानिक सहायकांचे आभार', एवढंच.

लेखात मी लिहिलं की मातृभाषेतून एक वर्षाचा आधार पुरेसा आहे. लोकांना हे वाक्य फार आवडलं. एक वर्ष म्हणजे कमी खर्च, कमी माणसं. ज्या प्रकल्पातून तुला नेमलं होतं, त्यांनी २०१७ साली भाषा-सहायक एका शाळेत एकच वर्ष ठेवायचा असं ठरवलं. त्यांच्या कागदात खाली माझ्या लेखाचा दाखला होता. तुला काढल्याचं कळवायला तू फोन केलास तेव्हा मी म्हणाले, "वरून आलंय गं, माझ्या हातात काय आहे?" त्यानंतर तू फोन केला नाहीस. तो कागद तेव्हा माझ्या टेबलावर होता, सोमारी. मी तो वाचलेला होता.

बुधवार

परवा इथेच थांबले. काल कॉलेजात तीन तास होते. घेतले.

मुलाखतीनंतर मला काही सुचेना. रडू यायला हवं होतं, आलं नाही. १६ मार्चला, रविवारी, मुलचेऱ्याची बस धरली. तू असशील असं समजूनच निघाले होते. वारलूभाऊ अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते. "ते तं मिरचीवर गेली ना बाई, पौषातच," म्हणाले. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. करिश्मा एवढी मोठी झाली असेल हे डोक्यातच नव्हतं. तिने मला ओळखलं आणि लाजून आत गेली. आश्रमशाळेतून सातवीतच घरी आल्याचं वारलूभाऊंनी सांगितलं. मी विचारलं, "काऊन?" ते म्हणाले, "सर काय सांगते ते डोस्क्यात जात नाई म्हने. वाचनं तं फस्कलास येते तिले."

मग त्यांना आठवण झाली. आतून पेटी आणली, तिच्यातून एक कागद काढला. "तुम्ही आल्याच हा तं पाहून घ्या. आपल्या वावराचा हाय. जंगलाच्या पट्ट्याचा."

वनहक्काच्या दाव्यावरचा कागद, जानेवारीच्या नऊ तारखेला हातात पडलेला. मी विचारलं, "कुणी वाचला का हा?"

"करिश्मानं वाचला ना. पुरा वाचला, कुठीच अटकली नाई." आणि त्यांनी तिला हाक मारली. "वाचून दाखव वो बाईले."

तिने उभं राहून वाचला. सोमारी, ती खरंच सुंदर वाचते. 'सादर केलेला दावा पुराव्याअभावी अमान्य करण्यात येत असून सदर निर्णयाविरुद्ध साठ दिवसांच्या आत अपील दाखल करता येईल.' एका दमात. माझ्या जुन्या घड्याळाने मोजलं असतं तर पैकीच्या पैकी.

मी विचारलं, "करिश्मा, काय लिहिलंय यात?"

ती कागदाकडे बघत राहिली. मग बापाकडे. "दाव्याचं हाय," म्हणाली. "दावा भेटला असन."

वारलूभाऊ मान हलवत होते. त्यांनाही तेच सांगितलेलं होतं. शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली, गुरुजी नाहीत, तू नाहीस. कागद पेटीत जपून ठेवला होता, तू आल्यावर दाखवायला.

साठ दिवस दहा मार्चला संपले. मी सहा दिवस उशिरा पोचले.

मी त्यांना अर्थ सांगितला. मलाच सांगावा लागला. वारलूभाऊ उठून मोहाची फुलं पसरत बसले. करिश्माने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "मले वाटलं मले समजलं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले. उशीर माफ करावा असा अर्ज देता येतो. घेतीलच असं नाही, पण देता येतो. दावा तुम्हा दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुझीही सही लागते. पाच एप्रिलच्या आत. अर्ज मी लिहून ठेवलाय, वारलूभाऊंनी अंगठा दिलाय. गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतलेत, तुझ्या सासऱ्यांनी ती जमीन कसल्याचे. मुकादमाशी रामाजी बोलतील. त्याच टेम्पोने परत ये, चार तारखेला तो मुलचेऱ्याला पोचेल.

दुसरं. ज्या मासिकात तो लेख छापला होता, त्यांना मी गेल्या आठवड्यात तुझे एकोणीस कागद पाठवले आणि लेख मागे घ्या असं लिहिलं. प्रश्न कुणी केले, तेही तुझं पूर्ण नाव घालून लिहिलं. तुला न विचारता. नको असेल तर सांग, मी काढायला लावीन. प्राचार्यांना कळल्यावर त्यांनी बोलावलं. "कोन विचारून राह्यलं होतं तुम्हाले? आपल्याच पायावर कुऱ्हाड!" माझी ऑर्डर थांबवली आहे. चौकशी बसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. संपादकांचं उत्तर आलं की लेखावर 'मागे घेतला' असा शिक्का बसेल, पण ज्या दोनशे चौदा जणांनी त्याचा आधार घेतला त्यांचे लेख तसेच राहतील. ते कुणालाच परत बोलावता येत नाहीत.

तू माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुला त्याचं उत्तर देत बसावं लागेल.

एकच मागते. घरी पोचलीस की करिश्माला रागावू नकोस. वारलूभाऊ तिला काही बोलत नाहीत, पण ती पोरगी दोन दिवस जेवली नव्हती. तिच्याकडून काही चुकलं नाही, हे तिला तूच सांग. माझ्याकडून तिला ते पटणार नाही. आम्ही जेवढं मोजलं, तेवढं ती शिकली.

चार तारखेला मी मुलचेऱ्याच्या बसस्टँडवर सकाळपासून असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. सही करायला ये.

तुझं ऐकून घेतलं आणि लिहिलं नाही, ती
दिव्यानी