मामा, मी बराखी उघडली

प्रिय मामा,

आज कांद्याचा भाव चढला आणि माझी मूठ वळली. समोर शेजारचा किसन होता. दात काढून म्हणाला, "काय राव, कालच विकून बसलास? लई घाई." त्याचं तोंड फोडणार होतो. तेवढ्यात तू आठवलास, म्हणून तुलाच लिहितोय.

तू गेल्यावर मी ट्रकवर क्लीनर झालो. हुबळी, इंदूर... इंदूरला एक पैलवान भेटला होता, पाण्याऐवजी ताकच प्यायचा. असो. यंदा परत आलो, तर मामी म्हणाली, "बराखीतला कांदा तूच बघ. मला त्या दारात जाववत न्हाई."

कांदा साठवायच्या आपल्या बराखीचं ते दार तुला आठवतं? एका साली कंपनीच्या ओव्हरटाइममधून तुला सवड मिळाली नाही, बराखी थेट दसऱ्याला उघडली आणि भाव आभाळाला टेकला होता. दार बंद राहिलं म्हणूनच पैसा आला, असं तुझ्या डोक्यात बसलं. पुढच्या साली ओव्हरटाइमचे सगळे पैसे घालून कांदा भरलास, नारळ फोडलास आणि कुलूप ठोकलंस.

श्रावणात बराखीतून काळं पाणी झिरपायला लागलं. मी म्हणालो, "मामा, सडका काढू, न्हाईतर चांगलाबी जाईल." तू कमरेचा पट्टा काढलास. बक्कल माझ्या भुवईवर बसलं.

"दसऱ्याआधी दार उघडलंस तर हात तोडीन."

तुला वास येत नव्हता का रे? येत होता. बघायचं नव्हतं तुला.

दसऱ्याला आत चिखल होता, अळ्या होत्या. वरचा थोडा कांदा धड, तो टेम्पोत घालून बाजारात नेला. दलालानं उपरण्याखाली तुझी बोटं दाबून भाव सांगितला. तुला गेल्या सालचाच हवा होता. गेल्या साली काय मिळालं ते बाजार कशाला लक्षात ठेवील? तू त्याचं बोट उपरण्याखालीच मोडलंस. कटकन आवाज झाला. त्याचा हमाल पोती ओढायचा आकडा घेऊन धावला आणि तो तुझ्या मानेत घुसला. धड राहिलेला कांदाही रक्तानं भिजला. टेम्पोत तुझी मान दाबून धरली होती मी. भोसरीच्या पुढं तू गार पडलास. पिंपरीचा दवाखाना दूरच राहिला.

त्या हमालाला मी आजही शिव्या देतो. पण कुलूप तू लावलं होतंस, मामा.

यंदा दर आठवड्याला बराखी उघडली, सडका वेचून फेकला. मामीनं न् मी डोकं थंड असतानाच ठरवलं होतं, अमुक भाव आला की अर्धा विकायचा. काल तो आला. सगळे म्हणाले, "थांब, आमीबी थांबलोय." सगळे थांबलेत, हे काय कारण झालं? मी विकला. आज भाव चढला.

घरी येऊन ताट बाजूला सारलं, तर मामी म्हणाली, "आजचं काल कुणाला ठावं व्हतं? ठरल्यापरमानं केलंस न्हवं? मग जेव."

जेवलो, मामा. उद्या भाव पडला तर मी शहाणा ठरत नाही, अन् चढला म्हणून मूर्खही नाही.

तुला शब्द देतो. उरलेला कांदाही ठरल्याप्रमाणेच विकीन आणि भावापायी कुणाच्या अंगावर जाणार नाही. किसन उद्या पुन्हा हसेल. हसू दे. मी गाडी भरत असेन.

तुझ्या पट्ट्याचा वण मिरवणारा,
तुझा भाचा बाळू