बर्फ उरला तर पाटी

४ नोव्हें.
वेबसाइटसाठी ‘दवणे इक्विपमेंट’चा इतिहास मी लिहायचा, असं बाबांनी ठरवलं. सुरुवात सोपी. आजोबा सातपाटीत बोटींसाठी बर्फाच्या पेट्या करायचे. लाकूड, आत जस्ताचा पत्रा, मध्ये भुसा. नवी पेटी बोटीबरोबर पहिल्या फेरीला जायची. परतल्यावर बर्फ उरलेला असेल तरच तिच्यावर आडनावाची पितळी पाटी ठोकायचे.
पुढे बाबा, बोईसर, कारखान्यांच्या कँटीनना भट्ट्या, सिंक, फ्रीझर. पाटी आता वर्कशॉपमध्येच लागते, माल निघण्याआधी. हे कसं लिहायचं?

५ नोव्हें.
बाबांना विचारलं, पद्धत कधी सुटली.
“सुटली कुठे? कँटीनवाला काय समुद्रात जातो?”
विषय संपला. त्यांच्यापुरता.
मी डिझाइन केलेली बर्फपेटी तयार आहे. स्टील, मध्ये भुशाऐवजी पफचा फोम, एकच अखंड झाकण. सांधा नाही म्हणजे गळती नाही. वर्कशॉपमधल्या चाचणीत उत्तम. अशाच आणखी पेट्या मनोरच्या डीलरसाठी तयार. वर्कशॉपमधला रामआसरे रिव्हेट घेऊन आला. “मॅडम, पट्टी मार दूँ?”
नको म्हटलं. एकीलाही नको. आधी एक पेटी सातपाटीच्या आत्याच्या बोटीवर जाईल.

११ नोव्हें.
सातपाटी. बोट आली. झाकण उघडलं, पाणी.
आत्या : “इंजिनेर झालीस, नि बर्फाचं सरबत केलंस गो.”
झाकण किती वेळा उघडलं, विचारलं.
“जालं आलं का उघडायचं. म्हावरं काय खिशात ठेवायचं?”
माझ्या चाचणीत झाकण सतत बंद होतं. जाळं वर आलं की मासे ठेवायला दर वेळी अख्खी पेटी उघडी पडते, हे धरलंच नव्हतं. चूक माझी. लिहून ठेवते, म्हणजे नंतर सौम्य करता येणार नाही.

१२ नोव्हें.
बाबांना सांगितलं. म्हणाले, आजोबांच्या पेटीला दोन अर्धी झाकणं असायची, एका वेळी एकच उघडायचं. मग सांगितलं का नाही?
“तू विचारलं नाहीस. ड्रॉइंग दाखवलंस.”
आणि लगेच, “डीलरच्या पेट्यांना पाट्या लावून टाक. बाजारात पाटी बघतात, बर्फ नाही.”
मी नाही म्हणाले. आवाज चढवला नाही. ते जेवले नाहीत. मी जेवले.

१७ नोव्हें.
एका पेटीला दोन अर्धी झाकणं बसवली. मधला सांधा रबराने बंद केला. तो गळेल थोडा. किती, ते समुद्र सांगेल. आत्याने कुरकुरत नेली. “या टायमाला पानी निघालं तर तुलाच बसवीन आत.”
बाकीच्या पेट्या पाटीविना उभ्या. डीलरचा फोन, पुन्हा फोन. बाबा घेतात, बाहेर जाऊन बोलतात.

१९ नोव्हें.
इतिहासाचं पान अर्धंच. ‘प्रत्येक वस्तू वापरून पाहिल्याशिवाय आम्ही नाव लावत नाही’, हे वाक्य बाबांना हवंय. मी खोडलं. त्यांनी परत लिहिलं. मी परत खोडलं.
रात्री बाबांनी दारातूनच विचारलं, “बोट कधी येते?”
उद्या सकाळी.
“हं.”

२० नोव्हें.
निघताना बघते तर सोबत न्यायला टेबलावर काढून ठेवलेली पाटी नाही. रिव्हेटची डबी नाही. बाबांची स्कूटरही नाही.
वर्कशॉपला डीलरच्या पेट्यांकडे गेले असतील, किंवा बंदरावर बोटीकडे. फोन उचलत नाहीत. रामआसरेला विचारता येईल. विचारणार नाही.
घाईत लागली असेल तर ड्रिलने काढेन, त्यांच्यासमोर. आधी सातपाटी. आधी झाकण उघडायचं.