चीनला याच वर्षी

प्रिय आई,

तुम्हा दोघांना नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतेय.

चीनला आपण पुढच्या वर्षी जाणार होतो, ते आता याच वर्षी जायचं. बाबांना सांग, माझी रजा आत्ताच मंजूर झालीय. खरं कारण तुला सांगायला नको. परवा फोनवर त्यांनी "तिकडे थंडी आहे का गं?" हे किती वेळा विचारलं! डॉक्टरांकडे कधी नेतेस त्यांना?

चीनच्या भिंतीवर रोपवेच्या पाळण्यात बसून जाता येतं, तेव्हा तुझ्या गुडघ्यांची सबब चालणार नाही.

जन्मभर वर्गात चीन शिकवला, पण पाहिला नाही त्यांनी. म्हणाले, "तिथं सगळं मीच समजावून सांगणार हं!"

सांगू देत. कितीदाही सांगितलं, तरी आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं.

तुझी,
धाकटी