भोंग्याची किल्ली

३ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : खाणीच्या संयुक्त समितीतली तिसरी जागा सोडून तू भोंग्याची किल्ली पदरात पाडून घेतलीस, ही घोडचूक आहे. समितीत सात जण, त्यांत गावाचे दोन. तिघे असते, तर सरकारी अधिकाऱ्याला पटवून बहुमत करता आले असते. आता कंपनीने झऱ्याच्या बाजूला खोदायचे ठरवले, तर ती खोदणार आणि वस्तीच्या विहिरी आटणार. सुरुंगापूर्वी भोंगा वाजवणे ही राखणदारी झाली, अधिकार नव्हे. युक्तिवादात फट दिसल्यास कळव. काकू म्हणते, पोरीला आधी जेवलीस का ते विचारा. तेही विचारतो.

तुझा काका

२० फेब्रुवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

जेवले, असं काकूला सांगा. फट अशी, की तुमचा अधिकारी बैठकीत पेंगतो आणि मॅनेजरचा हात वर गेला की आपलाही करतो. झऱ्याकडच्या खोदाईचा ठराव गेल्या महिन्यात पाच विरुद्ध दोन मंजूर झाला. पुढच्याच सोमवारी सुरुंगाची भोकंही पाडून झाली.

पण भोंग्याशिवाय सुरुंग उडवायचा नाही, हा खाणीचाच नियम. आणि माणसं, गुरं, पाणी यांना धोका नसल्याची खात्री झाल्यावरच भोंगा वाजवायचा, ही अट मी किल्लीसोबत मागून घेतली होती. तेव्हा मॅनेजर हसून म्हणाले होते, घ्या बाई, कान तुमचेच जातील. मी भोंग्याच्या खोलीला कुलूप लावून दाराशी विणत बसले. फोरमन तावातावाने आला नि गयावया करून गेला. त्याला म्हटलं, पाण्याची खात्री द्या, आत्ता वाजवते. शेवटी कंपनीला भूजलाचे तपासनीस बोलवावे लागले. झऱ्याचं पाणी भोकं पाडलेल्या त्याच खडकातून येतं, असं निघालं. खाणीची हद्द मागे सरकली. दुसऱ्या बाजूला काम चालू आहे, आपल्या माणसांचा रोजगारही टिकला. तिकडचा भोंगा मी रोज वाजवते. कान खरंच जायला आलेत.

लोभ आहेच, तो वादात हरल्यावरही असू द्या.

तुमची ठकी

२ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझे पत्र काकूने मोठ्याने वाचले. फोरमनपाशी हसू आवरेना म्हणून थांबली. मी माझा युक्तिवाद पुन्हा तपासला. मतांची बेरीज बरोबर होती. मात्र ठराव मंजूर होणे म्हणजेच काम सुरू होणे, असे मी गृहीत धरले होते. सोबत कानांसाठी कापूस पाठवत आहे. पुढचा वादही माझ्याशीच घालावास, एवढे प्रेम ठेव.

लिहून देतो, की किल्ली नको, जागा घे, हा माझा सल्ला चुकीचा होता. तू ऐकला नाहीस, हे बरे केलेस.

(सही)
तुझा काका