गळती बंद

४ फेब्रुवारी
आले एकदाची सासरी! घर हवेशीर, सासूबाई बोलायला गोड, आणि नवरा अजून माझ्याकडे बघून उगाचच हसतो. धाकटा दीर लाजाळू, ताटात डोकं घालून जेवतो. सगळं झकास, फक्त बाथरूम म्हणजे उकिरडा. फरश्या सुटलेल्या, भिंतीला ओल, आणि कोपऱ्यातून झिरपणारं पाणी खालच्या काकूंच्या छतातून त्यांच्या बादलीत टपटपतं. काकू जिन्यात भेटल्या आणि ‘या घरात स्वागत’ म्हणायच्या आधी त्यांनी बादलीच दाखवली.

९ फेब्रुवारी
गवंडी येऊन गेला. त्याचं म्हणणं, सांधे भरून काही दिवस ढकलता येतील, नाहीतर सगळं उखडून नवं करा. मी नवी, म्हणून गप्प होते. पण सासूबाई म्हणाल्या, आता घर तुझं, तू म्हणशील ते. नवराही म्हणाला, तूच ठरव. दिराने बोलायला तोंड उघडलं तर त्याला दूध आणायला पिटाळलं. माहेरी आईला साधे पडदे बदलायचे तरी आजीची परवानगी लागायची, आणि मी आल्या आल्या राज्य जिंकलं. म्हटलं, उखडा.

१८ फेब्रुवारी
जुनं सगळं निघालं, तळाला गळती थांबवणारा लेप बसला. आता त्याची परीक्षा. पाणी जायची वाट बंद करायची, तळ भरून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी तेवढंच राहिलं तर काम पक्कं. गवंडी फडक्याचा बोळा कोंबणार, तेवढ्यात सासूबाईंनी तो त्याच्याकडून घेऊन माझ्या हातात दिला. सुनेनेच बंद करावं म्हणाल्या. एवढा मान मिळाल्यावर काय, मी दात-ओठ खाऊन कोंबला.

१९ फेब्रुवारी
पाणी निम्मं उतरलंय. बोळा जागच्या जागी, काकूंचं छत मात्र कोरडं ठणठणीत. गवंडी डोकं खाजवत बसला. सासूबाई म्हणाल्या, गेलं असेल कुठेतरी, तू फरश्या लाव. आज माझे पाय चपलेत शिरेनात. दिवसभर उभी होते, त्यामुळे असेल.

२७ फेब्रुवारी
बाथरूम आरशासारखं झालंय. शेजारणी बघायला येतात आणि माझ्याकडे बघून गोड बातमी आहे का विचारतात. बातमी कसली, अंग सुजलंय. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. कोणी आंघोळ केली की माझं पोट तट्ट फुगतं. नवऱ्याला कढत पाणी लागतं. तेव्हा आतून चटके बसतात.

३ मार्च
दिराने गॅलरीत हळूच सांगितलं. इथलं झिरपणारं पाणी थांबत नाही. जो त्याची वाट बंद करतो, त्याच्या अंगात ते साठतं. आधी सासऱ्यांनी बंद केली होती. ते गेले तेव्हा गळती पुन्हा सुरू झाली. मी सासूबाईंना सरळ विचारलं. त्यांनी भाजी निवडणंसुद्धा थांबवलं नाही.
“तुझे सासरे बरीच वर्षं टिकले. तू तर अंगाने भक्कम आहेस, म्हणूनच पसंत केली.”
मी नवऱ्याकडे पाहिलं. तो तेव्हाही हसला. मला त्याची किळस आली.

६ मार्च
फोडायला हवं. बोळा तर फरश्या लावतानाच काढला होता, त्याने काही फरक पडला नाही. ते बाथरूम फोडलं तरच मी वाचेन. गवंडी येत नाही, सासूबाईंनी त्याला येऊ नको म्हणून सांगून ठेवलंय. माझी बोटं हातोडीभोवती वळत नाहीत — दिराच्या पाया पडले. तो रडला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे, ते होऊ दे वहिनी, मग नक्की फोडतो.

१० मार्च
खोकला आला की पाणी येतं. उशी ओली. कानात सारखं —
सासूबाई वेळेवर जेवू घालतात. मी टिकायला हवी ना.

१२ मार्च
दिराच्या लग्नाचे पाहुणे आले. घर भरलंय. सगळे प्रवासातून, घामेजलेले — नवऱ्याच्या हातापाया पडले, म्हटलं, यांना आंघोळीला काकूंकडे पाठव, एवढं तरी कर.
“पाहुणे जाईपर्यंत सोस,” म्हणाला. टॉवेल वाटायला गेला.
बाथरूमबाहेर रांग लागलीय. पोरं मोठमोठ्याने हसताहेत. दीर त्यांना सांगतोय, भरपूर पाणी आहे, सावकाश घ्या —
पहिला आत गेला. कडी लावली. नळ पूर्ण सोड